तीन ठिकाणी दिलेला पोरगा

मोहटोल्यात मनसारामला पाठीमागे कुणी मनसाराम म्हणत नसे. सगळं गाव त्याला होजी म्हणायचं. या माणसाच्या तोंडून "नाई" कुणी ऐकलंच नव्हतं. "मनसाराम, उद्या माह्या बांधीत धानाच्या रोवण्याले येतं का?" "हो जी." "मनसाराम, तुही डोंगी नेतो आजच्या दिवस." "हो जी." त्याच दिवशी त्याला स्वतःला तलावात जायचं असलं तरी "हो जी"च. मग माणूस डोंगी घेऊन गेला की हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून राहायचा आणि घरी बायकोला काय सांगावं याचा विचार करायचा. बायको, म्हणजे देवकाबाई, डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन आठवड्याचे सगळे बाजार पालथे घालणारी बाई. ती म्हणायची, "तुमची मान कशी बसवली हो देवानं? वर-खालीच हालते, आडवी काऊन नाई हालत?" त्यावरही तो मान हलवायचाच. वर-खाली.

बरं, डोंगी देणं वेगळं. डोंगी संध्याकाळी परत येते. पण या भल्या माणसानं एका साली पोटचा पोरगा देऊन टाकला. तोही एकाला नाही, तिघांना. आणि तिघांनीही न्यायला यायचा दिवस धरला तो एकच, गुरुवार. आता बोला!

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. चांदा जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला त्याला काही वर्षं झाली होती, पण मनसारामच्या डोक्यात तो अजून फुटायचाच होता. वडसा तिकडे गेलं आणि ब्रह्मपुरी इकडेच राहिली, हे कुणी सांगितलं की तो "हो जी" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. जगात बऱ्याच गोष्टी त्याला अशा अर्ध्याच समजत. एक गोष्ट मात्र पक्की समजत होती, ती म्हणजे तलाव.

मोहटोल्याचा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, मासेमार धीवर लोकांच्या सोसायटीकडे होता. वर्षभर ज्याचं जाळं त्याची मासोळी. पण उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेलं की सगळ्या गावाचं मिळून महाजाळ पडायचं. या काठापासून त्या काठापर्यंत पसरेल एवढं लांब जाळं, त्याला दोन बाजूंना दोन दोऱ्या, आणि दोन्ही दोऱ्यांवर रांगेनं माणसं. सकाळी धरलेली दोरी दुपार कलली तरी सुटत नसे. मग काठावर मासोळीचा ढीग पडायचा, वडशाच्या व्यापाऱ्याची बर्फाची गाडी उभी राहायची आणि वाटे व्हायचे. वाट्याचा नेम सोपा होता. एक हात, एक वाटा. ज्यानं दोरी धरली त्याला मिळेल. जो काठावर उभा राहून नुसता पाहील त्याला शेपटीचा तुकडाही नाही, मग तो गावचा पाटील का असेना.

दोरीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली होती. मनसारामच्या घराच्या दोन. एक त्याची, एक त्याच्या बापाची. त्या हिवाळ्यात बाप गेला. जागा रिकामी राहिली की ती दुसऱ्या घराला जायची, आणि एकदा गेली की गेली. पुढच्या साली हात जोडले तरी परत नाही. सोसायटीचा अध्यक्ष डोमाजी मनसारामच्या बापाच्या तेराव्याला जेवायला आला, आणि हात धुता धुताच म्हणाला, "मनसाराम, जागा रुशी धरन ना यंदा? नाईतं माहा भाचा आहे, तो बी मांगून राह्यला."

रुशी म्हणजे मनसारामचा एकुलता पोरगा. तेव्हा दहावीत होता.

"हो जी," मनसाराम म्हणाला. "धरन रुशी."

हा झाला पहिला होकार. यात वाईट काही नव्हतं. आज्याची जागा नातवानं धरायची, यापेक्षा सरळ गोष्ट कोणती? पहिल्यांदा दोरी धरणाऱ्याच्या कपाळाला हळद लागते, त्याच्या ओंजळीत अध्यक्षाच्या हातचा नारळ पडतो. मनसारामला ते आत्ताच डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं. रुशीला विचारलं तर तोही म्हणाला, "हो जी." बापाचाच पोरगा होता तो.

उन्हाळा लागला, परीक्षा झाली, आणि एका लग्नात देवकाबाईचा भाऊ गोविंदा भेटला. गोविंदा ऊर्जानगरच्या वीजघरात ठेकेदाराच्या टोळीत कामाला. टेरिकॉटची पँट, मनगटावर घड्याळ आणि बोलण्यात हिंदी. "भाऊजी," तो म्हणाला, "पोट्ट्याले मेरे पास भेजो. ठेकेदाराले माणसं पाह्यजे. आत्ता घुसला तं उद्या पर्मनंट होईन. तलावात काय ठेवलं आहे? चिखल!"

"हो जी," मनसाराम म्हणाला. तुम्ही म्हणाल, अरे, डोमाजीला काय सांगितलं होतंस? ते त्याला आठवत होतं. पण गोविंदा समोर उभा होता आणि डोमाजी नव्हता, एवढाच काय तो फरक.

ठेकेदाराला पोराचं तोंड दाखवायचं म्हणून बाप-लेक छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला गेले, तिथून कामगारांच्या बसमध्ये उभे राहून ऊर्जानगरला. तिथल्या धुराच्या चिमण्या पाहून मनसारामची टोपीच पडली. गेटावर चिठ्ठी करून गोविंदानं त्यांना आपल्या कामावर नेलं. पाण्याचे पंप होते तिथलं काम. पाणी म्हटल्यावर मनसारामला जरा हायसं वाटलं. पण बाप्पा, ते पाणी दिसतच नव्हतं! नुसता आवाज. गोविंदाची टोळी खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन चालत होती, सगळ्यांची बनियनं घामानं आणि काळ्या तेलानं अंगाला चिकटलेली. लग्नातला टेरिकॉटवाला गोविंदा हाच का, असं मनसारामला दोनदा निरखून पाहावं लागलं.

भिंतीला लावून घड्याळांसारख्या तबकड्यांची रांग होती, आणि तिच्यापुढे एक पोरगेला माणूस हात मागे बांधून उभा होता. ओठावर धड मिशीही नव्हती.

"हा कोन?" मनसारामनं हळूच विचारलं.

"इंजिनेर साहेब."

"काय करते?"

"काटे पाहाते."

"अन् मंग?"

"मंग दुसरे काटे पाहाते."

"अन् पाइप कोन उचलते?"

"आमी."

"मंग याले पगार काहाचा भेटते?"

"काटे पाहाचाच. आमच्या चौपट. वरून कॉटर, वरून दवाखाना."

मनसाराम उभ्या उभ्या गांगरला. त्याच्या सगळ्या जन्माचा नेम एका वाक्यात उलटा झाला होता. दोरी धरणाऱ्याला एक वाटा आणि काठावरून पाहणाऱ्याला चार? "अन् तुमी त्याले असं चालू देता?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टा नव्हे.

गोविंदा हसला. "चालू देता म्हन्जे? त्यानं नाई पाह्यलं तं आख्खं बंद पडते."

हे तर आणखीच कोड्यात टाकणारं होतं. एवढं धूड लोखंड, एवढी माणसं, आणि एका पोरानं नुसतं पाहिलं नाही तर बंद पडतं? मनसाराम डोकं खाजवत राहिला. तेवढ्यात त्याला दिसलं की रुशी बाजूला नाही. तो थेट त्या साहेबापाशी जाऊन उभा होता आणि तबकडीकडे बोट करत होता. "साहेब, हा काटा लाल पट्टीत गेला तं काय होते?" मनसाराम दचकून पुढे सरला. आता साहेब खेकसतो की काय! पण साहेबानं हाताचे हावभाव करून पोराला काय काय सांगितलं. रुशी अजून विचारत होता, साहेब अजून सांगत होता. घरी चार शब्द न बोलणारं पोरगं ते! शेवटी साहेब म्हणाला, "कितवीत आहेस? दहावी? मग सायन्सला जा."

परतीच्या गाडीत रुशी खिडकीबाहेर पाहत बसला होता. मनसारामनं विचारलं, "आवडलं का मामाचं काम?"

"हो जी," रुशी म्हणाला, बाहेरच पाहत.

चला, मिटलं, असं मनसारामनं स्वतःला सांगितलं. मिटलेलं काहीच नव्हतं, हे त्याच्या पोटाला कळत होतं. पण पोटाचं ऐकायची त्याला सवय नव्हती.

मृग लागला, पावसाचा थेंब नाही. पाणी चढायची भीती नव्हती, म्हणून महाजाळही लांबलं. त्याच दिवसांत दहावीचा निकाल आला आणि शाळेतले रामटेके सर सायकल दामटत मनसारामच्या दारात आले. रुशी चांगल्या मार्कांनी पास झाला होता, गणितात तर शाळेत पहिला. सर बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि घाम पुसायच्या आधी म्हणाले, "मनसारामभाऊ, याले कॉलेजात टाकाचं. ब्रह्मपुरीले. अकरावी सायन्स."

हे सर तसे दर निकालाला गावोगाव असेच फिरत. कुणी त्यांना वेडा म्हणे, कुणी दार लावून घेई. पण ते काही हटत नसत. "माही माय तेंदूपत्ता तोडे," ते म्हणाले. "छप्पन साली आमच्या लोकांनं धम्म घेतला, तवापासून तिनं एकच धरलं. शिक. मी शिकलो. आता पाऊस पडो नाईतं न पडो, महिन्याच्या महिन्याले पगार येते. तलाव आटला तरी तो आटत नाई. तुमच्या रुशीत माह्याहून जास्त आहे."

मनसाराम नेहमीसारखा मान हलवणारच होता. पण समोरच्या ओट्यावर शेजारची कलाबाई तांदूळ निवडत बसली होती, तिच्याकडे त्याची नजर गेली. "पन सर जी," तो म्हणाला, "या कलाबाईचा थोरला बी.ए. झाला. तो तं स्टँडवर पान खात बसते."

कलाबाईनं ऐकलं की नाही कोण जाणे, तिचं सूप जरा जोरात वाजलं. दुसरा कुणी असता तर त्यानं थाप मारली असती. सरांना थापा मारता येत नसत, हीच तर त्यांची अडचण होती. "खरं आहे," ते म्हणाले. "बसला आहे तो."

"मंग शिकलं का नोकरी भेटते, का नाई भेटत?"

"भेटते. कोणाले नाई बी भेटत. मी कागद लिहून नाई देऊ शकत, भाऊ. पन न शिकल्यानं काय भेटते ते तुम्ही पाह्यलं आहे."

मनसारामनं पाहिलं होतं. पाइप पाहिले होते, काटे पाहिले होते. त्या दोन्हींच्या मध्ये काय असतं तेच त्याला दिसत नव्हतं. "सर जी, कालेजात पोट्टे करते काय?"

"बसते. ऐकते. लिहिते. डोस्कं चालवते."

"अन् दोरी कोन ओढते?"

सर हसायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस विनोद करत नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं आहे. ते हसायचे थांबले. "दोरी घरचे ओढते, मनसारामभाऊ," ते म्हणाले. "पोरगा शिकून येतपर्यंत घरच्यांनंच ओढाची राह्यते."

चुलीपाशी देवकाबाई मासोळी घासत होती. तिचा हात थांबला. तो थांबलेला मनसारामनं पाहिला.

सर उठता उठता म्हणाले, "फीची काळजी नका करू, सवलत आहे. राहाले माही बहीण आहे तिथी, नीलाबाई. फक्त गुरुवारी पोट्ट्याले सोताले हजर राहा लागते. नाव दाखल कराचा शेवटचा दिवस आहे. पाठवता ना?"

"हो जी," मनसाराम म्हणाला. रुशीनंही मान हलवली.

तिसरा होकार! आणि त्याच संध्याकाळी डोमाजीचा निरोप आला की बर्फाची गाडी गुरुवारी येणार, महाजाळ गुरुवारी. दुसऱ्या दिवशी गोविंदाची चिठ्ठी आली की ठेकेदार नवी टोळी भरतो आहे, पोराला घ्यायला मी बुधवारी येतो, गुरुवारच्या सकाळच्या गाडीनं नेतो. मनसारामनं चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली. गुरुवार काही बदलला नाही.

मधले दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. पाळीवर जायचा, बसायचा, उठायचा. वाटेत डोमाजी दिसला की गल्ली बदलायचा. सरांच्या सायकलची घंटी वाजली की जवळच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, उतरायचा. ज्याला त्याला विचारायचा, पण सरळ नाही, आडून. बायनाबाई ही धीवर आळीतली सगळ्यात जुनी बुढी, ती म्हणाली, "बुढ्याची जागा सोडू नको रे, ते पाप आहे." पानटपरीवाला म्हणाला, "वीजघर म्हन्जे सोन्याची खाण." आणि कलाबाईचा तो बी.ए. झालेला थोरला म्हणाला, "काका, शिकवाच." मनसाराम तोंड वासून पाहत राहिला. "तू सांगतं? तुले काय भेटलं?" पोरगा पिंक टाकून म्हणाला, "मले काई नाई भेटलं. पन मले कोनी फसवू नाई शकत." आता याचा अर्थ काय लावायचा? जो तो आपलंच सांगत होता आणि प्रत्येकाचं ऐकताना मनसारामला ते पटत होतं. खरी पंचाईत हीच होती.

बुधवारी उन्हं कलताना गोविंदा आला. पिशवी खुंटीला अडकवून तलावावर अंघोळीला गेला. तेवढ्यात देवकाबाईनं दार ओढून घेतलं आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. "अजी, उद्या कुठी जाऊन राह्यला माहा पोरगा?"

मनसाराम जमिनीकडे पाहू लागला.

"डोमाजीले हो म्हनलं. माह्या भावाले हो म्हनलं. मास्तरले हो म्हनलं. तुमच्या एका 'हो जी' पायी माह्या लेकराचे तीन तुकडे होऊन राह्यले! कोनाले नाई म्हनता, सांगा?"

"तूच सांग वो," तो म्हणाला. "मले नाई समजून राह्यलं. जागा गेली तं बाप वरून काय म्हनन? अन् पोट्टा शिकला अन् स्टँडवर बसला तं? अन् नाई शिकला अन् जन्मभर पाइप उचलला तं? मले तिन्ही दिसून राह्यलं. एक बी पुरतं नाई दिसत."

इतकं लांब तो उभ्या आयुष्यात बोलला नव्हता. देवकाबाईचा राग एकदम उतरला. ती त्याच्या बाजूला बसली. "पोट्ट्याले विचारलं का?"

"विचारलं ना. तो हो म्हनते."

"काहाले हो म्हनते?"

"सगळ्याले."

देवकाबाईनं कपाळावर हात मारला. "अन् हा कोनावर गेला, ते बी मीच सांगू?"

गुरुवारी झुंजुमुंजू झालं आणि मनसाराम उठून तलावावर निघून गेला. घरात तिघं होते, तिघांतल्या कुणाला काही न सांगता. पळालाच म्हणा ना. पळून गेला तोही दोरी धरायला गेला, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

पाणी खाली गेलेलं, चिखल गुडघ्याएवढा. माणसं आपापल्या जागी उभी राहत होती. मनसारामच्या मागची जागा बापाची. तिथे दोरीला जुना पिळा पडलेला होता, बापाच्या हाताखालचा. पाळीवर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मासोळी निवडणं, विकणं हे त्यांचं काम. दोरीला बाईनं हात लावलेला गावात कुणी पाहिला नव्हता. डोमाजीचा भाचा धोतर खोचून काठावर तयारच उभा होता, आणि डोमाजी जागा मोजत येत होता.

तेवढ्यात पाळीवरच्या रस्त्यानं सायकल गेली. रामटेके सर वाकून पाय मारत होते, आणि मागच्या कॅरिअरवर रुशी. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर पिशवी. त्यानं तलावाकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. हात वर करावा की नाही असं त्याचं झालेलं दिसलं. मग सायकल वळणावर बाभळीआड गेली.

मनसाराम त्या वळणाकडेच पाहत राहिला. आनंद होता की भीती, सांगता येत नव्हतं. पाठोपाठ गोविंदा धावत आला. "भाऊजी! ये क्या तमाशा है? मी ठेकेदाराले काय तोंड दाखवू? आमच्या देवकाबाईनं पोट्ट्याले मास्तरसंगं धाडलं!"

"बाईनं?" मनसाराम म्हणाला.

"मंग कोनं! पोट्ट्याले इचारते, तुले कुठी जायचं आहे. तो म्हनते, हो. हिनं एक कानाखाली देली. म्हने, हो काय? कुठी? तवा कुठी तो रडत रडत बोलला, मले काटे पाहाचे आहे!"

काटे. मनसारामच्या डोळ्यांपुढे त्या तबकड्या आल्या आणि त्यांच्यापुढे उभं राहून न थांबता बोलणारं आपलं मुकं पोरगं आलं. म्हणजे हे तेव्हाच दिसलं होतं! समोर दिसत होतं आणि आपण पाहिलं नाही.

"मनसाराम!" डोमाजी त्याच्यापाशी येऊन थांबला. "बुढ्याच्या जागेवर हात कुठी आहे?"

मनसारामच्या मागे दोरी चिखलात लोंबत होती.

"पोट्टा तं गेला सायकलीवर. आता मी काय करू सांग? नेम तं तुह्या बापानंच लावला होता. ये रे," डोमाजीनं भाच्याला खूण केली, "धर."

भाच्यानं पाण्यात पाय टाकला. आणि मनसारामच्या बाजूनं चिखल वाजला. देवकाबाई! लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. ती आली आणि सासऱ्याच्या जागेवर उभी राहून तिनं दोरी उचलली.

पाळीवरच्या बायका उभ्याच राहिल्या. डोमाजीनं भाच्याला हातानं थांबवलं. "बाई, हे काय? हे माणसाचं काम आहे."

"भाऊ, नेम काय आहे?" देवकाबाईनं विचारलं. "एक हात, एक वाटा. का एक मिशी, एक वाटा?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. डोमाजी तांबडाबुंद झाला. "आजवर बाईनं दोरी धरली नाई."

"आजवर माहा पोरगा कालेजात गेला नाई," ती म्हणाली. "तो शिकून येतपर्यंत हा हात त्याचा. मासोळीचं वजन मी रोज डोक्यावर नेतो, तवा कोनी नाई म्हनत बाईचं डोस्कं आहे."

"सोड ना!" पाळीवरून बायनाबाई ओरडली. पण ती देवकाबाईला ओरडली की डोमाजीला, हे कळायला मार्ग नव्हता. लगेच ती पुढे म्हणाली, "सोड तिले, डोमा! ओढू दे!"

डोमाजीनं शेवटचा उपाय काढला. तो होजीकडे वळला. हा माणूस आजवर कुणाला आडवा गेला नव्हता, आज कसा जाईल? "मनसाराम, तू शहाणा आहे. समजाव हिले. घरी जाय म्हन. तुही जागा, तू म्हनशीन तसं. म्हन ना?"

सगळी रांग थांबली. भाचा एक पाय पाण्यात टाकून थांबला. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय ऐकू येणार ते.

मनसारामनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, समोर पाण्याकडे पाहत होती. तिनं दोरी चुकीची धरली होती, अंगठा खाली घालून. अशानं तासाभरात कातडं निघतं.

"नाई," मनसाराम म्हणाला.

त्याचा त्यालाच भरोसा वाटेना. आपणच बोललो का, म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "नाई जी." आणि मागे वळून बायकोचा अंगठा दोरीवरून वर करून दिला. "असं धर वो. असं."

डोमाजीनं नारळ दिला. द्यावाच लागला, नेम होता. देवकाबाईच्या कपाळाला हळद बायनाबाईनं लावली, लावता लावता रडली आणि रडता रडता डोमाजीला शिव्या दिल्या. गोविंदा थोडा वेळ पाय आपटत उभा राहिला, मग पँट दुमडून काठावर मासोळी गोळा करायला बसला. जाळं दुपारी बाहेर आलं. मोठी मासोळी होती त्या साली.

दिवेलागणीला रुशी सरांच्या सायकलवरून परत आला. कॉलेजात नाव दाखल झालं होतं. त्याच्या बोटाला निळी शाई लागली होती, तीच तो आईला दाखवायला गेला. देवकाबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. कातडं गेलेलं, हळद भरलेली. तिला बोटं मिटता येत नव्हती. भात मनसारामनं रांधला होता, कच्चा राहिला होता. रुशीनं तिच्या हातांकडे पाहिलं आणि शाईचं बोट मागे लपवलं. मग ताट ओढून, मासोळीचा काटा काढून, तिला एकेक घास भरवू लागला.

मनसाराम उंबऱ्यात बसून पाहत होता. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला अजूनही कळत नव्हतं. कलाबाईचा थोरला डोळ्यांपुढून जात नव्हता, पाइप जात नव्हता. पोरगा चार वाट्यांचा होईल की स्टँडवर बसेल, कोण सांगणार? सरांनीही सांगितलं नव्हतं.

"रुशी," त्यानं विचारलं, "तुहं मन लागन ना कालेजात?"

"हो जी," रुशी म्हणाला.

"नाई." आज पुन्हा. मनसाराम उठून पोरापाशी आला आणि देवकाबाईचा एक तळहात त्यानं दिव्याजवळ नेला. "इकडे पाह्य. हे पाहून सांग. मले बरं वाटावं म्हनून हो नको म्हनू. मी जन्मभर तेच केलं. तुह्या मनात असन, तरच म्हन."

रुशीनं त्या हाताकडे पाहिलं. हातातला घास तसाच होता.

"आहे, बा," तो म्हणाला. "मनात आहे."

"मंग जाय," मनसाराम म्हणाला, आणि बायकोच्या हाताला आणखी हळद लावायला बसला.